तेरा वर्षे सात महिने

२००७ साली आमच्या मोखाड्याच्या हायस्कुलात एकच कम्प्युटर होता, आणि त्याची बडदास्त आम्हा मास्तर लोकांपेक्षा बरी ठेवली जायची. मुंबईच्या कुठल्याशा कंपनीने आपल्या ऑफिसातला जुना माल बाहेर काढला, त्यातला एक नग आम्हाला दान मिळाला. टेम्पोतून उतरला तेव्हाच त्याचा रंग दात न घासलेल्या माणसासारखा पिवळा होता. तरी नारळ फुटला, हेडसरांचं भाषण झालं आणि कम्प्युटर हेडक्लार्क चंद्रकांत भाऊसाहेबांच्या ताब्यात गेला. तो तिथून परत कोणाला दिसेल अशी आशा नव्हती.

भाऊसाहेबांची शाळेत तीस वर्षं झाली होती. डिसेंबरात रिटायर व्हायचे होते. त्यांच्या पत्नी कुसुमावतीवहिनींनी मॉनिटरला क्रोशाचं कव्हर विणून दिलं होतं, कीबोर्डला वेगळं, आणि माऊसला टोपडं. कम्प्युटरच्या खोलीत चपला घालून जायचं नाही, कारण व्हायरस. शिंकायचं नाही, कारण व्हायरस. दसऱ्याला यंत्राची पूजा झाली तेव्हा भाऊसाहेबांनी पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात लक्ष्मीच्या पावलांचा स्टिकर चिकटवला. थेट काचेवर. मी विचारलं, "भाऊसाहेब, त्याखालचं काही दिसणार नाही की."

"त्या कोपऱ्यात काही महत्त्वाचं नसतं, मॅडम. मी बघून ठेवलंय."

रोज सकाळी अकराला ते हात धुऊन मशीन चालू करत. काळ्या पडद्यावर पांढऱ्या इंग्रजीत दोन ओळी यायच्या आणि मशीन अडून बसायचं. मग भाऊसाहेब एफ-वनचं बटण दाबायचे आणि ते पुढे सरकायचं. "हा त्याचा नमस्कार आहे," ते नव्या माणसाला समजावायचे. "आपण एफ-वन दाबून उलट नमस्कार करायचा." वर्षभर हा शिष्टाचार चालला होता. त्या दोन ओळी वाचाव्यात असं कोणालाही वाटलं नाही. मलाही नाही, ते आधीच सांगून टाकते.

मी नीता. विज्ञान शिकवायची, जव्हारहून रोज एसटीने यायची. जव्हारला मी तीन महिन्यांचा कम्प्युटरचा कोर्स केला होता, त्यातला दीड महिना लाइट नव्हती. तेवढ्यावर शाळेत मी तज्ज्ञ ठरले होते, पण भाऊसाहेबांच्या परवानगीशिवाय तज्ज्ञालाही खोलीत प्रवेश नव्हता.

त्या जूनमध्ये चंदा इतिहास शिकवायला लागली. जव्हारच्या पलीकडे वावर, त्याच्याही पुढे वांगणी म्हणून गाव आहे, तिथली. बीए, बीएड, वय तेवीस, अंगाने काडी, आणि वर्गात शिरली की शेवटच्या बाकावरची कुजबुज आपोआप थांबायची. ती आवाज चढवायची नाही. नुसती बघायची. तिची नेमणूक झाली होती, पण वरच्या ऑफिसची मान्यता यायची होती. ती आल्याशिवाय नेमणुकीला कागदावर अर्थ नसतो. तो प्रस्ताव भाऊसाहेबांनी आपल्या हाताने कम्प्युटरवर टाइप करून, छापून, हेडसरांची सही घेऊन जूनमध्येच पाठवला होता.

ऑगस्टात उत्तर आलं. प्रस्ताव नामंजूर. कारण : "प्रस्तावाच्या दिनांकास उमेदवाराचे वय तेरा वर्षे सात महिने इतके असल्याने."

स्टाफरूममध्ये हे पत्र हातोहात फिरलं. चित्रकलेचे सर म्हणाले, चंदाबाई वयाच्या मानाने बऱ्याच शिकलेल्या आहेत. आम्ही हसलो. चंदाही हसली, कारण तिला वाटलं, कुठेतरी आकडा चुकलाय, फोन केला की संपलं.

भाऊसाहेब हसले नाहीत. त्यांनी जावक रजिस्टर काढलं. प्रस्तावाची तारीख त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात तिथे होती : १४ जून २००७. चंदाची जन्मतारीख दाखल्यावर १ जून १९८४. आमच्या भागात निम्म्या लोकांचा वाढदिवस एक जूनला असतो. पोरगं पहिलीत घालताना बापाला तारीख सांगता आली नाही की गुरुजी एक जून घालून मोकळे होतात.

"म्हणजे हिशेबाने तेवीस होतात," भाऊसाहेब म्हणाले. "तरी ऑफिस तेरा म्हणतंय. ऑफिस उगाच म्हणणार नाही. दाखल्यातच काहीतरी घोळ आहे."

"काय घोळ?" चंदाने विचारलं.

"ते तुला माहीत, पोरी. मूळ शाळेचा उतारा आण."

ती शनिवारी गेली. मोखाड्याहून जव्हार, जव्हारहून वावरपर्यंत एसटी, पुढे रस्ता वाहून गेला होता म्हणून पायी. गुरुजी रजेवर होते, रजिस्टर कपाटात होतं आणि कपाटाची किल्ली गुरुजींच्या खिशात होती. रविवारी ती त्यांच्या गावी जाऊन किल्ली घेऊन आली. सोमवारी उतारा मिळाला, मंगळवारी ती शाळेत आली, तेव्हा तिची चप्पल तारेने गुंडाळून बांधलेली होती. उताऱ्यावर एक जून चौऱ्याऐंशीच. भाऊसाहेबांनी तो उजेडाकडे धरून पाहिला, नखाने खरवडून पाहिला आणि म्हणाले, "बनावट वाटत नाही. पण सांगता येत नाही."

हे ते स्टाफरूममध्ये, सगळ्यांसमोर म्हणाले. चंदा नुसती बघत राहिली. शेवटच्या बाकावरच्या पोरांकडे बघते तशी.

शुक्रवारी सकाळी हेडसरांनी धीर करून वरच्या ऑफिसात फोन लावला. आमचे हेडसर तुळशीदास हा इतका सज्जन माणूस होता की समोर ठेवलेल्या कुठल्याही कागदावर ते न वाचता सही करत. वाचणं म्हणजे त्यांना अविश्वास दाखवल्यासारखं वाटे. फोनवरच्या माणसाने सांगितलं की मंजुरीची यादी सोमवारी वर जाते. आज पाचच्या आत खुलाशाचं पत्र ई-मेलने आलं तर नाव यादीत ठेवता येईल. पोस्टाने पाठवाल तर पुढल्या वर्षी भेटू.

ई-मेल! हेडसरांनी भाऊसाहेबांकडे पाहिलं. भाऊसाहेबांनी छताकडे पाहिलं. शाळेचा ई-मेलचा पत्ता उन्हाळ्याच्या सुट्टीत वरून आला होता, पासवर्ड भाऊसाहेबांच्या डायरीत होता, पण तेव्हापासून मेल उघडतच नव्हता.

"का उघडत नाही?" मी विचारलं.

"तो नको म्हणतो."

अशा रीतीने मला खोलीत प्रवेश मिळाला. चंदा माझ्यामागे आली. भाऊसाहेब म्हणाले, "एकाच वेळी तिघं नको, मशीन तापतं." चंदा आत येऊन स्टुलावर बसली.

मशीन चालू झालं, नमस्कार झाला, विंडोज यायला आठ मिनिटं लागली. मग इंटरनेट लागताना फोनच्या वायरीतून यायची ती भूत अंगात आल्यासारखी किंकाळी सुरू झाली. लाइन लागली. मी निळ्या ई-वर क्लिक केलं आणि ब्राउझर उघडला. उघडला म्हणजे काय, वरून अर्धा पडदा पट्ट्यांनीच भरलेला. एक पट्टी हवामान सांगणारी, एक लॉटरी लागल्याचं कळवणारी, एक शोधून देणारी, एक तिच्यापेक्षा चांगलं शोधून देणारी. त्यांच्या कोपऱ्यात हिरवा पोपट नाचत होता.

"हा पोपट कोणी आणला?"

"तोच आला," भाऊसाहेब म्हणाले. "त्याने विचारलं, बसवू का. तेव्हा मी नाही म्हणालो. पण तो बसला."

खाली पान दिसायला चार बोटं जागा उरली होती. त्यात मी मेलचा पत्ता टाकला. पोपट नाचला. दोन मिनिटांनी एक करडी चौकट उगवली. पिवळा त्रिकोण, त्यात उद्गारचिन्ह, आणि इंग्रजी मजकूर. भाऊसाहेब चष्मा वर करून पुढे झाले आणि एकेक शब्द मोठ्याने वाचू लागले. बरंच काही वाचून ते एका ओळीवर थांबले.

"सर्टिफिकेट... इज... नॉट येट व्हॅलिड."



"बघा," भाऊसाहेब हळूच म्हणाले. त्यांच्या आवाजात दुःख होतं, पण आतून ते सुखावले होते. "मी म्हणत नव्हतो? आता मशीनसुद्धा म्हणतंय. सर्टिफिकेट व्हॅलिड नाही."

"ते माझ्या दाखल्याबद्दल नाही बोलत!" चंदा उठून उभी राहिली.

"मग कोणाच्या? इथे दुसऱ्या कोणाचा दाखला अडकलाय?"

"भाऊसाहेब," मी म्हटलं, "हे त्या वेबसाइटचं सर्टिफिकेट आहे. तिची ओळख पटवायला असतं ते."

"वेबसाइटला दाखला कशाला लागतो? ती काय पहिलीत जातेय?"

कोर्सच्या ज्या दीड महिन्यात लाइट नव्हती, त्यात हे शिकवलं गेलं असावं. चौकटीत खाली विचारलं होतं : पुढे जायचं का? होय, नाही. मी होय दाबायला गेले, तर भाऊसाहेबांनी माझा हात धरला. शाळेतल्या तीस वर्षांत त्यांनी कोणत्याही बाईमाणसाला स्पर्श केला नव्हता, एवढं ते गंभीर होतं.

"मॅडम, होय नका दाबू. उद्या चौकशी लागली तर होय कोणी दाबलं, हा प्रश्न येईल. नाही दाबलं, की कोणी काही विचारत नाही. मी मे महिन्यापासून नाहीच दाबतोय."

आता कळलं की मेल का उघडत नव्हता.

मी होय दाबलं. पोपट थांबला. चौकट गेली आणि तीच चौकट पुन्हा आली. पुन्हा होय, पुन्हा चौकट. सात वेळा होय दाबल्यावर पडदा पांढरा पडला आणि तसाच राहिला.

मग माझ्याने होईल ते सगळं केलं. पट्ट्या एकेक करून काढल्या. लॉटरीवाली जाताना तीनदा विनवणी करून गेली. पोपटाला घालवायला वीस मिनिटं लागली आणि तो जाताना इंग्रजीत 'मला तुमची आठवण येईल' म्हणाला. भाऊसाहेब गहिवरले. मग कोर्समधलं आठवलं, की जुन्या भेटींची नोंद साठून ब्राउझर जड होतो. मी ती यादी उघडली. शाळेच्या कामाची एकही भेट नव्हती. साठ-सत्तर वेळा एकच पान : मिठायांचे फोटो. जिलेबी, बासुंदी, खव्याच्या पोळ्या, माहीमचा हलवा. भाऊसाहेबांना सहा वर्षांपासून साखरेचा आजार होता, घरी वहिनींची कडक नजर होती.

मी यादी पुसली. भाऊसाहेब खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "नुसतं बघितल्याने वाढत नाही. डॉक्टरांना विचारलंय."

यादी पुसूनही चौकट आली. नॉट येट व्हॅलिड.

साडेबारा झाले होते. एक वाजता लोडशेडिंग, ते तीनपर्यंत. भाऊसाहेब म्हणाले, "मशीनने दोनदा नव्हे, आठदा सांगितलं. आता माणसाने समजून घ्यावं."

"माला तो प्रस्ताव बघायचाय," चंदा म्हणाली. एरवी शाळेत ती पुस्तकातल्यासारखी मराठी बोलायची. 'माला' आलं की ओळखायचं, घरचा आवाज लागलाय.

"कोणता प्रस्ताव?"

"माझा. तुमी पाठवला तो. यातच असल ना?"

"गोपनीय असतं ते."

"माझाच हाय ना तो? माझंच माझ्यापासून काय लपवायचंय?"

मी तोवर फाइल उघडलीही होती. वर शाळेचं नाव, जावक क्रमांक, आणि उजवीकडे तारीख. ती भाऊसाहेब हाताने टाइप करत नसत. मशीनच स्वतःहून टाकतं याचा त्यांना अभिमान होता. चंदाने स्टूल पुढे ओढलं आणि पडद्यावर बोट ठेवलं. इतिहासाची बाई. सनावळ्यांवर तिची नजर पटकन जायची.

"मॅडम, हे काय लिवलंय?"

०१/०१/१९९८.

तिने बोटांवर मोजलं. चौऱ्याऐंशीचा जून ते सत्त्याण्णवचा जून, तेरा वर्षं. जून ते जानेवारी, सात महिने.

"तेरा वर्षं सात महिने," ती म्हणाली.

मी भाऊसाहेबांची परवानगी न घेता लक्ष्मीच्या पावलांखाली नख घातलं. ते "अहो, अहो" म्हणत राहिले. स्टिकर अर्धा निघाला, टाचा काचेवर राहिल्या. खाली घड्याळ होतं. त्यावर बाण नेला तशी तारीख उमटली : गुरुवार, १ जानेवारी १९९८. मशीनच्या मते बाहेर अजून नव्वदचं दशक संपलेलं नव्हतं, आणि चंदा वांगणीच्या शाळेत पाटी घेऊन बसलेली होती.

तेव्हा माझ्याही डोक्यात उजेड पडला. वेबसाइटचं सर्टिफिकेट २००६ पासून पुढचं. मशीन म्हणतंय आज अठ्ठ्याण्णव. म्हणजे सर्टिफिकेट अजून लागूच झालेलं नाही. नॉट येट व्हॅलिड! बिचारा ब्राउझर खरंच बोलत होता, त्याला सांगितलेलीच तारीख खोटी होती.

मी घड्याळावर दोनदा क्लिक करून तारीख बदलली. ऑगस्ट २००७. ब्राउझर बंद केला, पुन्हा उघडला, पत्ता टाकला. चौकट आली नाही. मेलचं पान हळूहळू वरून खाली उतरायला लागलं. चंदाने माझा दंड इतका जोरात धरला की दोन दिवस वळ होता.

आणि लाइट गेली. एकला दहा मिनिटं कमी असतानाच.

अंधाऱ्या पडद्यासमोर आम्ही तिघं बसलो होतो. बाहेर मधल्या सुट्टीचा कल्ला होता. चंदा उठली, कपाटाकडे गेली आणि स्थळप्रतींची फाइल काढली. पाठवलेल्या प्रत्येक पत्राची एक प्रत तिथे लावलेली असते. या वेळी भाऊसाहेब गोपनीय म्हणाले नाहीत. त्यांना काय दिसणार आहे ते कळलं होतं.

सदतीस पत्रं होती. सगळी एक जानेवारी अठ्ठ्याण्णवची. मुतारीची मागणी, प्रयोगशाळेच्या काचसामानाची मागणी, स्नेहसंमेलनाला पाहुण्यांना निमंत्रण, छप्पर गळत असल्याचं कळवणारं पत्र, छप्पर गळत असल्याच्या पत्राचं स्मरणपत्र. एका दिवसात एवढा पत्रव्यवहार केलेली शाळा जिल्ह्यात दुसरी नसेल. प्रत्येकाखाली हेडसरांची ठसठशीत सही. वर्षभर कोणाचंच उत्तर का येत नाही, पाहुणे का आले नाहीत, यावर आम्ही स्टाफरूममध्ये सरकारला मनसोक्त नावं ठेवली होती.

हेडसरांना बोलावलं. त्यांनी चार पत्रं पाहिली आणि खुर्चीत बसले. मग दबक्या आवाजात म्हणाले, "नवीन प्रस्ताव पाठवू आपण. या जुन्याचा विषयच नको काढायला."

"मशीनचा दोष आहे," भाऊसाहेब म्हणाले. "आम्ही काय करणार?"

"मशीन रोज सांगत होतं," चंदा म्हणाली. "रोज सकाळी. तुमी नमस्कार करत होता."

भाऊसाहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी विचारलं, "म्हणजे त्या दोन ओळी..."

मला त्या ओळी आठवत होत्या, कारण त्या दिवशी पहिल्यांदा मी त्या वाचल्या होत्या. बॅटरी संपली आहे, पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा. वाचून मी मनात म्हटलं होतं, असेल काहीतरी. तज्ज्ञ.

"मी नव्या प्रस्तावावर सही करते असं समजू नका," चंदा पुढे म्हणाली. आता ती पुन्हा पुस्तकी मराठीवर आली होती, आणि ते जास्त भीतिदायक होतं. "खुलासा जाणार. चूक काय झाली ते त्यात लिहिलेलं पाहिजे. माझा दाखला खोटा म्हणून स्टाफरूममध्ये सगळ्यांनी ऐकलंय. मी चार दिवस किल्लीमागे फिरले. खुलासा मी स्वतः टाइप करणार."

हेडसर भाऊसाहेबांकडे पाहायला लागले. भाऊसाहेब टोपडं घातलेल्या माऊसकडे.

तेवढ्यात बुधा शिपाई चहा घेऊन आला. बुधा पन्नाशीचा, गावातले निम्मे रेडिओ आणि भिंतीवरची घड्याळं त्याच्या हातून गेलेली. त्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, "आतमंदी गोल सेल असल. मेला असल. खोला ना."

कम्प्युटर उघडायचा! वर्षभर ज्याच्यासमोर शिंकायची बंदी, त्याचे आता चारी बाजूंनी स्क्रू काढायची वेळ. बुधाने खिशातल्या चाकूनेच ते काम केलं. आत धूळ, कोळ्याचं जाळं, आणि एक सुकलेली पाल निघाली. हेडसरांनी तोंडाला रुमाल लावला. बुधाने फुंकर मारली, आणि आत रुपयाएवढा चकचकीत सेल दिसला. तो त्याने नखाने उचकटला, उलटसुलट केला आणि जिभेवर ठेवला.

"मेलाय."

"दुसरा कुठे मिळेल?"

मोखाड्यात तो मिळत नव्हता. जव्हारला बाजारात एका घड्याळवाल्याकडे मिळाला असता, पण जाऊन येईतो पाच वाजून जाणार. मी म्हटलं, "सेल नसला तरी चालेल. लाइट आली की तारीख पुन्हा घालायची. फक्त मध्ये लाइट जाता कामा नये."

मोखाड्यात लाइट मध्ये जाऊ नये, हे वाक्य मीच उच्चारल्यावर मलाच हसू आलं. त्या दिवसांत तीन वाजता लाइट यायची, सव्वातीनला जायची, पुन्हा यायची. प्रत्येक वेळी आठ मिनिटं विंडोज, मग किंकाळी, मग तारीख.

भाऊसाहेब उठले. आपल्या टेबलाकडे गेले, खालचा कप्पा उघडला आणि पाठ आमच्याकडे ठेवून बराच वेळ काहीतरी करत राहिले. परत आले तेव्हा त्यांच्या तळहातावर तसाच गोल सेल होता. नाशिकला असलेल्या त्यांच्या मुलाने त्यांना रक्तातली साखर मोजायचं छोटं यंत्र पाठवलं होतं, त्यातला.

"हा घाल," ते बुधाला म्हणाले. चंदाकडे त्यांनी पाहिलं नाही.

"भाऊसाहेब, तुमची साखर?" मी विचारलं.

"सोमवारपर्यंत ती कुठे पळून जात नाही."

सेल त्याच खाचेत टक्कन बसला. तीन वाजून पाच मिनिटांनी लाइट आली. पडद्यावर इंग्रजी ओळी आल्या, या वेळी भाऊसाहेबांनी त्या अक्षर लावून वाचल्या आणि मगच एफ-वन दाबलं. मी तारीख घातली. सव्वातीनला लाइट गेली. साडेतीनला आली, आणि मशीन न थांबता, कोणाचाही नमस्कार न घेता सरळ पुढे गेलं. तारीख जागच्या जागी होती. बुधा म्हणाला, "झाला." आणि कपबश्या गोळा करून गेला.

चंदाने खुलासा टाइप केला. दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत. मी शेजारी बसून होते आणि भाऊसाहेब मागे उभे होते. तिने लिहिलं, की दिनांक १४ जून २००७ च्या प्रस्तावावर शाळेच्या कार्यालयाकडून १ जानेवारी १९९८ हा दिनांक चुकून छापला गेला. सदर चूक कार्यालयाची असून उमेदवाराच्या दाखल्यात कोणताही दोष नाही.

भाऊसाहेब घसा खाकरून म्हणाले, "'चुकून' नको. 'अनवधानाने' लिहितात."

चंदाने वळून पाहिलं. मग 'चुकून' खोडून 'अनवधानाने' टाकलं.

"आणि 'कार्यालयाची' नको," ते म्हणाले. आम्हाला वाटलं, आता पुन्हा सुरू. "'मुख्य लिपिकाची' लिही. कार्यालयात बुधा पण येतो. त्याने काय केलंय?"

तिने तसं लिहिलं. हेडसरांनी छापलेली प्रत हातात घेतली, सवयीने पेन टेकवलं, थांबले, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. वाचताना त्यांचे ओठ हलत होते. मग स्थळप्रत म्हणून सही केली.

पावणेपाचला मेलचं पान उघडलं. पत्र जोडलं. आता फक्त पाठवायचं बटण उरलं होतं. मी माऊस भाऊसाहेबांपुढे सरकवला. त्यांनी टोपडं काढलं, हात पँटला पुसला आणि विचारलं, "याच्यात होय-नाही काही येणार नाही ना?"

"नाही येणार."

त्यांनी दाबलं. मध्येच फोनची लाइन तुटते की काय म्हणून आम्ही चौघं श्वास धरून होतो. पडद्यावर 'पाठवलं' अशा अर्थाचं वाक्य आलं, तेव्हा पाच वाजायला सहा मिनिटं होती. भाऊसाहेब खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, "चंदा मॅडम, मी स्टाफरूममध्ये जे बोललो ते स्टाफरूममध्येच मागे घेतो. सोमवारी. सगळे असतील तेव्हा."

"बरं," चंदा म्हणाली.

सोमवारी त्यांनी ते मागे घेतलं. उभं राहून, जाहीर कार्यक्रमात बोलतात तसं, 'अनवधानाने' हा शब्द तीन वेळा वापरून. चित्रकलेच्या सरांनी टाळ्या वाजवल्या, कोणी साथ दिली नाही म्हणून थांबवल्या. बाकीच्या छत्तीस पत्रांचं काय करायचं यावर दोन आठवडे चर्चा झाली आणि शेवटी ती सगळी नव्या तारखेने पुन्हा गेली. मुतारी पुढल्या उन्हाळ्यात मंजूर झाली. पाहुण्यांनी मात्र कळवलं की गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाला येणं त्यांना जमणार नाही.

चंदाची मान्यता सप्टेंबरच्या शेवटी आली. दुपारची वेळ होती, बुधाने टपाल आणून टेबलावर टाकलं. तिने पाकीट फोडलं, उभ्या उभ्या वाचलं, तारीख दोनदा पाहिली. मी म्हटलं, "आज काहीतरी गोड पाहिजे." ती म्हणाली, "मॅडम, आठवी ब-चा तास आहे माझा." पत्र पर्समध्ये ठेवून, खडू उचलून ती वर्गाकडे गेली. जिन्यावर पोरांचा गोंधळ ऐकू येत होता, तो तिच्या पावलांबरोबर एकेक पायरी कमी होत गेला.